गुरुबसप्पाचा डावा खांदा

"शर्ट वाकडा न्हाई अप्पा, तूच वाकडा हायस," असं करीम शिंप्यानं तोंडावर सुनावलं, तेव्हा अहमदपूरच्या धान्याच्या मोंढ्यामागची सगळी गल्ली कान देऊन होती. गुरुबसप्पा हमालाचं म्हणणं एवढंच, की नवा शर्ट उजव्या खांद्यात काचतो आणि डावीकडं लोंबतो. करीमनं टेप काढली, दोन्ही खांदे मोजले आणि चांगला दोन बोटांचा फरक दाखवला. "हे दोन माणसांचे खांदे हायेत. मी एकाच माणसाचा शर्ट शिवलाय."

फरक खराच होता. तीस वर्षं सोयाबीनचं पोतं त्यानं उजव्याच खांद्यावर घेतलेलं. ओझं जिकडं, मांस तिकडं. डावा आपला घरजावयासारखा नुसता बसून खात होता.

पुढं पंचावन्नाव्या वर्षी तो कमावता खांदाच रुसला. उजवा हात वरच जाईना. मुकादम शेषेराव म्हणाला, "अप्पा, दिवाळीपर्यंत पोतं उचललं तर टोळीत. न्हाईतर गेटजवळच्या बाकड्यावर बसा." त्या बाकड्यावरच्या म्हाताऱ्यांना गुरुबसप्पानं जन्मभर टोमणे मारलेले. तिथं बसणं म्हणजे त्याला जिवंतपणी फोटोला हार घातल्यासारखं.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण शिवांगी लेकीच्या वयाची. ती म्हणाली, "उजव्यावर ओझं बंद. आता डाव्याला शिकवा. सवयीपेक्षा थोडं जास्त वजन पेललं की मांसाच्या दोऱ्यांवर ताण पडतो, आणि शरीर मागाहून त्या जाड करतं. ते काम विश्रांतीत होतं अप्पा, झोपेत होतं."

यातलं 'जास्त' तेवढं गुरुबसप्पानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी मोंढ्यात जाऊन साठ किलोचं पोतं डाव्या खांद्यावर घेतलं आणि ट्रकाला लावलेल्या फळीवरून पोत्यासकट खाली आला. सोयाबीन एकीकडं सांडलं, इज्जत एकीकडं.

मग कारभार बायकोनं, कस्तुराबाईनं, हातात घेतला. पोत्यात दहा किलो सोयाबीन, ते खांद्यावर घेऊन अंगणाच्या वीस फेऱ्या, एक दिवस आड. दर सोमवारी तीन तांबे वाढीव. जेवणात डाळ घट्ट, वर मूठभर शेंगदाणे. सुट्टीच्या दिवशी तो चोरून पोतं उचलायला गेला, तर ती पोत्यावरच बसकण मारून बसली.

"डॉक्टरीण काय म्हणली? झोपेत वाढतंय. झोपा."

लग्न झाल्यापासून बायकोनं दिवसा झोपायला सांगितलेलं पहिल्यांदाच. त्या काळजीनं त्याला झोप लागेना.

उजवीकडचं आखडलेलं मांस सैल पडावं, ताणून धरल्यानं लांबीलाही जरा वाढावं, म्हणून सकाळी दाराच्या चौकटीला हात लावून पुढं झुकायचं होतं. शेजारीण पार्वतीबाईनं ते पाहिलं. "कस्तुरा, घर पडाया लागलंय का गं? अप्पा धरून उभे हायेत."

दसऱ्यापर्यंत डाव्या खांद्यावर चांगला उंचवटा आला. दिवाळीच्या आठवड्यात शेषेराव फळीशी उभा राहिला. गुरुबसप्पा पोतं घेऊन चढला, ट्रकात टाकलं, उतरला. शेषेरावानं बिडी पेटवली आणि म्हणाला, "बघत काय बसलाव? पुढचं घ्या."

पुढची सात वर्षं डाव्यानं ओढली. मग गुरुबसप्पानं आपणहून थांबायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी टोळीनं त्याला खुर्चीत बसवलं, टॉवेल-नारळ दिला, गळ्यात हार घातला. भाषण कुणालाच येईना. ट्रकात एका पोत्याची जागा राहिली होती. गुरुबसप्पानं हार काढून खुर्चीला अडकवला, पोतं डाव्या खांद्यावर घेतलं, फळी चढला, नीट रचून ठेवलं आणि उतरता उतरता ड्रायव्हरला रोजच्यासारखं म्हणाला, "दोरी आवळून बांध, बाबा."