उभ्या गाडीचं इंजिन

आमचे हे डिसेंबरात उपचारांसाठी पुण्याला गेले, तेव्हा निघताना मला तीन गोष्टी बजावून गेले. गाडी रोज सकाळी दहा मिनिटं चालू ठेवायची. चालू असताना हातभर पुढे, हातभर मागे करायची, नाहीतर टायर एका जागी चपटे होतात. आणि काचा पुसायच्या, कारण धुळीने माखलेली गाडी बरेच दिवस एका जागी दिसली की म्युनिसिपालिटीवाले ती बेवारस समजून नोटीस चिकटवतात. ह्यांच्या पोटात गाठ, खाली टॅक्सी उभी, आणि हे मला टायर समजावत होते. मी म्हटलं, "अहो, गाडीचं राहू द्या, रिपोर्टची फाइल घेतलीत का?" तर म्हणाले, "ऑइल फेब्रुवारीत बदलायचंय. विसरू नकोस."

तुम्ही बरोबर का गेला नाहीत, असं मला नंतर सगळ्यांनी विचारलं. लेक दहावीला होती. आम्ही दुबईत ऊद मेथाला राहत होतो, तिची शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. पुण्यात दीर-जाऊ होते. "तिचं वर्ष वाया घालवू नकोस, मी दोन महिन्यांत येतो," असं हे म्हणाले आणि मी ऐकलं. एरवी ह्यांचं साधं भाजीबाबतचं म्हणणंही मी ऐकत नसे. नेमकं तेवढंच ऐकलं, आणि त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

त्यात मला गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे शिकले होते, पण लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झाले होते. तिसऱ्या वेळी तर राउंडअबाउटच्या आधीच परीक्षकाने हात वर केला, "खलास, खलास," म्हणाला आणि मला मागच्या सीटवर बसायला लावलं. मी घरी येऊन क्लचला नावं ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून हे आठवडाभर हसत होते. तेव्हापासून मी कानाला खडा लावला होता. आता मात्र इमारतीमागच्या मोकळ्या जागेत मी रोज सकाळी त्या लहानशा पांढऱ्या गाडीत बसायचे, चावी फिरवायचे, हातभर पुढे जायचे, हातभर मागे यायचे आणि घड्याळाकडे बघत बसायचे. आधी बॉनेट उघडून रेडिएटरचं पाणी बघायचं, ऑइलची पट्टी बाहेर काढून फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा बघायची. माझ्या सगळ्या ओढण्यांना ऑइलचा वास यायला लागला.

लेक एकदा म्हणाली, "आई, व्हाय डू यू ईव्हन स्टार्ट इट? यू डोन्ट गो एनीव्हेअर." मी तिच्यावर ओरडले. काय सांगणार होते तिला? ह्यांनी गाडी चालू ठेवायला सांगितली आहे म्हणजे हे परत येऊन ती चालवणार आहेत, एवढा साधा हिशोब मी मनाशी केला होता. मग मी ते व्रतासारखंच धरलं. ताप असला तरी उतरायचे. एक दिवस चुकला तर तिकडे काही वाईट होईल, असं मला खरोखर वाटायचं. शिकलेली बाई मी, पण वाटायचं.

शुक्रवारी ह्यांचा फोन यायचा. मी रिपोर्टचं विचारायचे, हे म्हणायचे, "ठीक आहेत. जरा अशक्तपणा आहे." की लगेच, "ऑइल किती दाखवतंय?"

"दोन खुणांच्या मध्ये."

"रंग?"

"काळपट."

"ठीक आहे. अजून चालेल."

दर शुक्रवारी आवाज थोडा खाली गेलेला असायचा. मी तो ऐकायचे आणि ऑइलचा रंग सांगायचे.

जानेवारीअखेर एका शुक्रवारी सकाळी चावी फिरवली तर नुसती टिक टिक. दुपारी फोनवर ह्यांनी विचारलं, तेव्हा मी बेधडक सांगितलं, "हो, चालू केली की. छान चाललीय." आयुष्यात ह्यांच्याशी इतकं सफाईने खोटं कधी बोलले नव्हते. शनिवारी ह्यांच्या नेहमीच्या मेकॅनिकला बोलावलं. मल्याळी माणूस, ह्यांच्याच वयाचा. त्याने झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, "बॅटरी खलास, मॅडम. रोज दस मिनिट से चार्ज नहीं होता. गाडी को चलना माँगता." नवी बॅटरी बसवून झाल्यावर त्याने विचारलं, "साब कब आयेगा?"

"इन्शाल्ला, अगले महीने," मी म्हटलं.

फेब्रुवारीत तोच गाडी ऑइल बदलायला घेऊन गेला. मी शेजारी बसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती गाडी हातभराच्या पुढे गेली आणि मला उगाचच आनंद झाला. काम झाल्यावर त्याने सर्व्हिस बुक मागितलं, किलोमीटर लिहायला. समोरचा कप्पा उघडून मी प्लास्टिकची फाइल काढली. ती कधी उघडायची वेळच आली नव्हती. सर्व्हिस बुकाखाली एक कागद होता, अरबी आणि इंग्रजी, कोर्टाचा शिक्का मारलेला. मुखत्यारपत्र. गाडी विकण्याचा, दुसऱ्याच्या नावे करून देण्याचा सगळा अधिकार माझ्या नावावर. तारीख ह्यांच्या विमानाच्या दोन दिवस आधीची. त्या दिवशी हे मला टायरमध्ये हवा भरून येतो, असं सांगून गेले होते.

मेकॅनिक काहीतरी बोलत होता. मला ऐकू येत नव्हतं.

तो बुधवार होता. शुक्रवारपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. घरी येऊन मी पुण्याला फोन लावला. दिरांनी उचलला, म्हणाले, तो झोपलाय. मी म्हटलं, "उठवा."

बऱ्याच वेळाने हे फोनवर आले. "काय झालं? गाडीला काही झालं का?"

"मुखत्यारपत्र सापडलं," मी म्हटलं.

मी कागदावरची तारीख वाचून दाखवली.

"तुम्हाला जातानाच माहीत होतं?"

"इथे येण्याआधीच दुबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं."

माझा आवाज चढला. अभ्यास सोडून लेक दारात येऊन उभी राहिली. "आणि मला रोज सकाळी खाली पाठवत होतात? मी ती तुमच्यासाठी चालू करत होते हो! तुम्ही येणार म्हणून!"

"माहीत आहे मला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू चालू केली नसतीस," हे म्हणाले. मध्ये दम लागला, थांबले. "मग बंद पडलेली गाडी घेतं कोण? तुमचे व्हिसा माझ्या नोकरीच्या व्हिसावर आहेत. परीक्षा झाली की तुम्हाला निघावं लागेल. त्या धावपळीत तू एकटी कुठे गिऱ्हाईक शोधत फिरणार?"

मला ह्यांचा भयंकर राग आला. वाटलं फोन आपटावा. पण ते खरंच होतं. मी चालू केली नसती. एक दिवससुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी लेक शाळेत गेल्यावर मी खाली उतरले. काचा पुसल्या, पाणी बघितलं, चावी फिरवली. नवं ऑइल, नवी बॅटरी, इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. इतकं सुरेख चालत होतं की कुणीही बघताक्षणी गाडी घेतली असती. दहा मिनिटं झाली, वीस झाली. माझ्याने ते बंद करवेना.