ताण्यावरचं इंग्रजी

मी कुणाच्या घरात डोकावत नाही. आमच्या स्वयंपाकघराची खिडकीच नामदेवभाऊंच्या हातमागाच्या खोलीकडे उघडते, त्याला मी काय करू? भाजी फोडणीला टाकायला उभं राहिलं की किस्से आपसूक आत येतात. आमचे हे म्हणतात, "तुझ्या खिडकीले पडदा लाव." मी म्हणते, पडदा लावला तर भाजी करपल्याचं शेजाऱ्यांना कसं कळेल? तर सात-आठ महिन्यांत एवढे किस्से साचले आहेत की आता कुणाला तरी वाढलेच पाहिजेत.

नामदेवभाऊ आंधळगावातले जुने कोसा रेशीम विणणारे. त्यांची बायको पार्वताबाई, आणि एकुलती एक पल्लवी. पोरगी बी.ए. झालेली. झाडं-पाखरं तोंडपाठ, पण इंग्रजी बोलायचं म्हटलं की घसा कोरडा. आणि तिला नोकरी पाहिजे होती ती नेमकी इंग्रजीचीच! जंगलाच्या वेशीवर एक पर्यटकांचा बंगला आहे. तिथं परदेशी पाहुण्यांना जंगल दाखवणारी गाईड घ्यायची होती. मुलाखत धानकापणी झाल्यावर.

नामदेवभाऊंनी सरळ सांगितलं, "एकच डाव, पोरी. नाही झालं तं बपेऱ्याच्या पोराले होकार द्यायचा."

बपेरा गावचा तो पोरगा वाईट नव्हता. खताचं दुकान होतं. पण त्यांची अट होती, सून जंगलात हिंडणार नाही.

*

गल्लीतले एक मास्तर रिटायर होऊन पोराकडे नागपूरला चालले होते. जाताना त्यांनी पल्लवीला पोतंभर इंग्रजी पुस्तकं दिली. सगळी एकाच जातीची. कुणी एकटाच वाळवंट तुडवतोय, कुणी डोंग्यातून महिनोन् महिने नदीत, कुणी कुत्र्यांची गाडी घेऊन बर्फात. मास्तर म्हणाले, व्याकरणाचं पुस्तक झोप आणते, हे झोप उडवते. हे वाच, शब्द आपोआप येतील.

मी विचारलं, ही माणसं चांगलं घरदार सोडून तिकडं कायले जातात?

नामदेवभाऊ मागावरून म्हणाले, "त्यांच्याही घरासमोर अशी एखादी खिडकी असन, वहिनी."

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. खिडकी मात्र उघडी होती.

*

कोशाचा ताणा, म्हणजे कापडाचा उभा धागा, घरात मावत नाही. सकाळी ऊन चढायच्या आत गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंवर धागे ताणायचे, खळ लावायची, तुटलेले धागे जोडत फिरायचं. त्या वेळी आमच्या गल्लीतली कुठलीही बाई मोकळी असली की हात लावते. पल्लवीनं काय केलं, पुस्तकातला एकेक अवघड शब्द चिठ्ठीवर लिहिला, खाली मराठी अर्थ लिहिला, आणि कपड्याच्या चिमट्यानं ताण्याला अडकवू लागली. भाऊ ओरडले, "धाग्याले हात नको लावू, बांबूले लाव!" मग चिठ्ठ्या बांबूंवर गेल्या. येता-जाता तिच्यासोबत आम्हीही वाचायचो. सातवी पास मी, पण 'ट्रेचरस' म्हणजे वरून साधं आणि आतून दगाबाज, हे मला तेव्हापासून पाठ आहे. बर्फाला लागू पडतं, दूधवाल्यालाही पडतं.

एके दिवशी चिठ्ठी होती 'पर्सिव्हिअरन्स'. अर्थ, चिकाटी. नामदेवभाऊ तुटका धागा जोडत होते. त्यांनी ती चिठ्ठी दोनदा वाचून घेतली.

"धागा तुटला तं जोडायचा," ते म्हणाले. "याले एवढा लांब शब्द काहून लागते?"

पल्लवीनं दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी काढून टाकली. म्हणाली, हा शब्द झाला.

*

त्याच सुमाराला माझी नणंद शहापूरहून दोन दिवसांसाठी आली आणि पंधरा दिवस झाले तरी हलेना. बांबूवर 'प्रोव्हिजन्स' आला होता. म्हणजे प्रवासात पुरवून-पुरवून खायचा शिधा. मी नणंदेच्या देखत खिडकीतून पल्लवीला म्हटलं, आमचे प्रोव्हिजन्स फार जपून वापरावे लागून राहिले बाई. पल्लवी तोंडात ओढणी कोंबून आत पळाली. नणंद शांतपणे लसूण सोलत बसली होती. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन दारात उभी. म्हणाली, "वहिनी, निघते मी. तुमचे प्रोव्हिजन्स उरले पायजेत."

ती रोज पहाटे उठून ताण्याला हात लावायला जात होती, हे मी विसरलेच होते.

*

संध्याकाळचा प्रकार निराळा. पार्वताबाई चरख्यावर कांड्या भरायच्या, म्हणजे विणायचा धागा गुंडाळून ठेवायच्या, आणि पल्लवी बाजूला बसून पुस्तक वाचायची. आधी इंग्रजीतून मोठ्यानं, मग मराठीतून. नामदेवभाऊंना भीती, गोष्टीच्या नादात चरखा थांबेल. त्यांनी नियमच घालून दिला.

"काम चालू तं गोष्ट चालू. काम बंद तं गोष्ट बंद."

त्यामुळे दिवसाचा धागा संपला की पल्लवी असेल तिथं पुस्तक मिटायची. एकदा बर्फातल्या माणसाच्या गाडीचा पुढचा कुत्रा बर्फाच्या भेगेत पडला, आणि नेमका धागा संपला! पार्वताबाईंनी घरभर धागा शोधला. मिळाला नाही. मी खिडकीत हातात उलथनं घेऊन उभी. आमच्याकडे त्या रात्री भाकरी जळली.

पार्वताबाई तशा अबोल. नवऱ्यासमोर मान वर करत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गावदेवी मातामायला नारळ बोलून आल्या. नामदेवभाऊंना हे कळल्यावर हसू आवरेना. म्हणाले, अवं, तो माणूस घरी परत आला म्हणून तं त्यानं पुस्तक लिहिलं! नारळ कायले वाया घालवते?

पार्वताबाई म्हणाल्या, "माणसाचं मले काय करायचं जी? मी कुत्र्यासाठी बोलली."

*

मग बपेऱ्याचे लोक पोरगी पाहायला आले. मीही गेले. शेजारधर्म म्हणून. चहा-चिवडा झाला, आणि मुलाच्या आईनं विचारलं, पोरगी दिवसभर काय करते? पल्लवी म्हणाली, वाचते. काय वाचते? तर हिनं सांगायला सुरुवात केली. तो बर्फ, ती गाडी, तो कुत्रा. पोरगा चिवडा खायचा थांबला. पोराचा मामा मघापासून मोबाईल पाहत होता, त्यानं तो खिशात टाकला. पार्वताबाई सवयीनं कांड्या भरतच होत्या. कुत्रा भेगेत पडला, माणूस दोर सोडायला पोटावर आडवा झाला, आणि त्यांचा धागा संपला.

पल्लवी थांबली. तिला थांबायची सवयच होती.

पाहुणे जरा वेळ वाट पाहत राहिले. मग त्यांची परतीची गाडी होती म्हणून उठले. तिसऱ्या दिवशी मुलाच्या आईचा फोन आला. नामदेवभाऊंनी स्पीकरवर लावला, कारण त्यांना कमी ऐकू येतं. मला तर स्पीकरचीही गरज पडत नाही.

"भाऊ, पोरगी पसंत हाय," बाई म्हणाल्या. "देण्याघेण्याचं मंग बोलू. आधी त्या कुत्र्याचं काय झालं ते सांगा."

भाऊंनी फक्त मुलाखतीपर्यंत थांबायला सांगितलं. पल्लवी त्या संध्याकाळी वाचायला बसली नाही. गच्चीवर जाऊन तलावाकडे पाहत राहिली. मी तिला हाकही मारली नाही. हे माझ्या बाबतीत लिहून ठेवण्यासारखं आहे.

*

मुलाखतीला पल्लवीसोबत पार्वताबाई निघाल्या, आणि पार्वताबाईंना सोबत म्हणून मी. बंगल्यावर पोरंपोरी पुष्कळ. नागपूरची, फाडफाड बोलणारी. पल्लवीला आत बोलावलं, आम्ही बाहेर ओट्यावर. तिथंही एक खिडकी होती. मी काय करू?

मोठ्या साहेबांनी इंग्रजीतून काहीबाही विचारलं. पल्लवीचं दोन-तीनदा नुसतं यस सर, नो सर. मग त्यांनी बहुतेक विचारलं असावं, एखाद्या प्रवासाबद्दल सांग. मी वाकून पाहिलं. तिची बोटं मांडीवर गोल-गोल फिरत होती, चरखा फिरवल्यासारखी. आणि ती बोलू लागली.

सगळं मला कळलं असं नाही. पण ओळखीचे शब्द येत गेले. ट्रेचरस आला, प्रोव्हिजन्स आला. आमच्याच गल्लीतून गेलेले, पण शहरात जाऊन आलेल्या पोरांसारखे नीटनेटके. पार्वताबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. त्यांना एकही शब्द कळत नव्हता, पण कुत्रा कुठं आहे ते बरोब्बर कळत होतं.

तेवढ्यात शिपायानं घंटी वाजवली. वेळ संपली. पल्लवी थांबली, नमस्कार केला, बाहेर आली.

साहेब म्हणाले होते, कळवू. कळवू म्हणजे काय ते आम्हा तिघींना ठाऊक होतं. आम्ही बसथांब्यावर आलो. पल्लवीनं चपलेनं मातीवर एक रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली.

बस दिसायला लागली तेव्हा मागून जीप आली. काच खाली झाली. आत मोठे साहेब. मराठीत म्हणाले, "अहो, तो कुत्रा वाचला का?"

पल्लवीनं तोंड उघडलं. पण पार्वताबाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला, तिला मागं सारलं, आणि स्वतः जीपजवळ गेल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. मान वर होती.

"साहेब," त्या म्हणाल्या, "आमच्या घरी काम चालू तं गोष्ट चालू."

बस आली, थांबली, कंडक्टरनं आम्हाला हाक मारली. साहेबांनी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.