कुंडीतलं मीठ

नर्सरीत सगळे तिला मावशी म्हणायचे, मालकसुद्धा. बावीस वर्षं तिचं काम एकच: कुंड्या भरायचं मिश्रण कालवायचं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तीन पाण्यांनी धुवायचा, निथळू द्यायचा, मग त्यात गांडूळखत आणि जाड वाळू. तिसऱ्या पाण्याचा थेंब ती जिभेवर ठेवायची. खारट लागला तर चौथं पाणी. घरी ती आणि तिची नणंद, दोघीच. नणंद म्हणायची, "हिला भाजी वाढायची मला भीती वाटते. मातीतलं मीठ ओळखते, माझं सोडणार आहे होय!"

त्या वर्षी मालकांना अर्धांगवायूचा झटका आला आणि कारभार सुनेकडे गेला. सूनबाई वाईट नव्हती, पण घाईत होती. एका नव्या इमारतीतल्या कार्यालयांसाठी बाराशे शोभेची झाडं हवी होती आणि हातात जेमतेम दोन महिने होते. भुसा एकदाच धुवा, ती म्हणाली, आणि पाण्यात विरघळणारं खत आठवड्यातून एकदा घालतो ते तीनदा घाला. मावशीने एकदा अडवून पाहिलं, मग गप्प बसली. ते गप्प बसणं पुढे तिला फार छळणार होतं.

झाडं अशी फोफावली की येणारा जाणारा थबकून बघायचा. क्रोटनची पानं हातभर झाली, काळपट हिरवी आणि नको तितकी लुसलुशीत. मावशी मात्र त्या झाडांच्या शेडमध्ये शिरली की आधी कुंड्या बघायची. कुंड्यांच्या काठावर खतातल्या मिठाचा पांढरा थर धरत होता. ती तो फडक्याने पुसायची, दोन दिवसांत तो पुन्हा हजर. मग खालच्या पानांची टोकं करपू लागली, अगदी सुईच्या अग्राएवढी. तिने एक झाड कुंडीतून उपसलं. मुळांची टोकं पांढरीशुभ्र असायला हवीत. ही चहाच्या चोथ्यासारखी होती.

ते झाड घेऊन ती तशीच सूनबाईसमोर उभी राहिली.

"मुळं गेलीत."

"मावशी, वर बघा ना. बावीस वर्षांत असं झाड कधी निघालं होतं?"

"नाही. म्हणूनच धसका बसलाय."

दुसऱ्या दिवशी सहाशे कुंड्या ट्रकमध्ये चढल्या.

चौथ्या दिवशी ऊन कडक पडलं आणि उरलेल्या सहाशे झाडांनी दुपारी माना टाकल्या. मिश्रण हाताला ओलं लागत होतं, तरी झाडं तहानेली; मिठामुळे मुळांना पाणी ओढताच येत नव्हतं. घाबरलेल्या सूनबाईने त्यांना खताचंच पाणी पाजलं. संध्याकाळपर्यंत शेडभर पानं गळत होती, वारा नसताना.

सूनबाईने गळलेली पानं ओंजळीत उचलली. काय करायचं, एवढंच तिने विचारलं. खत बंद, मावशी म्हणाली; आता साधं पाणी, तळातून वाहून जाईपर्यंत, पुन्हा पुन्हा. तीन दिवस दोघींनी पाइप खाली ठेवला नाही. वाहून जाणारं पाणी मावशी चाखत राहिली. दीडशे-पावणेदोनशे झाडं तगली.

मग दोघी त्या इमारतीत गेल्या. दालनात झाडं ऐटीत उभी होती. आत गारवा होता, ऊन नव्हतं, म्हणून मुळं गेलेली वरून कळत नव्हती. स्वागतकक्षातली मुलगी कौतुकाने सांगू लागली, की नर्सरीने दिलेली खताची बाटली ती रोज सकाळी न चुकता वापरते. मावशीने एका कुंडीत बोट खुपसलं आणि जिभेला लावलं. तिचा चेहरा बघून सूनबाई त्या मुलीकडे वळली.

"ही सगळी झाडं आम्ही परत नेतोय," ती म्हणाली. "चूक आमची आहे."

"पण यांना काय झालंय? चांगली तर दिसतायत."

मोजून भरताना पाचशे साठच निघाली. बाकीची तिथल्या लोकांनी आवडली म्हणून घरी नेली होती. कुणी, ते त्या मुलीलाही ठाऊक नव्हतं. झाडं परत करा अशी इमारतीच्या दारावर सूचना लावली, पण दोघांनीच झाडं आणून दिली.

मावशी अजून तिथेच कामाला आहे. घरी जाताना ती रस्त्यावरच्या खिडक्या बघत जाते, आणि कुठे फारच काळं-हिरवं पान दिसलं की थांबते. एकदा तिने असं एक दार ठोठावलं होतं. आतून कुणी उघडलं नाही.