बाजीरावतात्यांच्या पायांचा सौदा

आमचे आजोबा बाजीरावतात्या निमगाव केतकीतले जनावरांचे दलाल. बोलायला लागले की वाटतं, समोर सगळा बहिऱ्यांचा बाजार भरलाय. पण बैलाची किंमत ते तोंडानं कधीच बोलत नाहीत. खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकायचा, आतून बोटं दाबायची, की झाला सौदा. आकडा दोघांनाच ठाऊक.

गेल्या बाजारात एका खोंडानं तात्यांच्या नडगीवर लाथ घातली. हाड मोडलं. बारामतीच्या दवाखान्यात सळई टाकायचं ठरलं आणि भूल देणाऱ्या राजेश्वरी मॅडम भेटायला आल्या.

"आजोबा, पाठीत बारीक सुई देणार. कमरेखाली बधिर होईल. तुम्ही जागेच राहाल."

"जागं ऱ्हायलेलं बरं. पर गेल्यालं पाय मागं येत्यात का?"

"येतात हो."

"आपल्या गावच्या दादासाहेबाचा बैल असाच पाय जाऊन बसला. उठलाच न्हाय!"

"अवो, तुमी काय बैल हाय का?" रंगुआजी म्हणाली.

"पाय न्हाईत तर बाजार न्हाय. मग मी तरी कशाला?" तात्या हळूच म्हणाले. हळू! तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

संमतीच्या कागदावर सही काही करेनात. शेवटी त्यांनी टॉवेल मॅडमच्या हातावर टाकला. "बोला. किती तासांत पाय परत?"

मॅडम आधी गोंधळल्या, मग हसून त्यांनी आत बोटं दाबली.

"लई हुतंय. कमी करा."

"औषध आपल्या वेळेनंच उतरतं, आजोबा. थोडं मागंपुढं होईल."

"जमलं!" तात्यांनी सही ठोकली.

"किती ठरलं?" आजीनं विचारलं.

"टावेलाखालचं भाईर काढत्यात व्हय?"

ऑपरेशनच्या खोलीतली गंमत नंतर तात्यांनीच सांगितली. पाठ वाकवून बसवलं, सुई टोचली, पाय कोमट झाले, मग जड. मॅडम म्हणाल्या, "पाय उचला." हे म्हणाले, "उचललाय की!" आणि पाय गोणीसारखा पडलेला. पुढं मशीनची घरघर सुरू झाली, तर विचारतात, "मॅडम, हितं बोअर मारताय का?"

वॉर्डात आणल्यावर मात्र गंमत संपली. आजीला आकडा माहीत नव्हता, म्हणून ती सारखी त्यांच्या पायाचा अंगठा चिमटायची.

"कळतंय?"

"न्हाय."

"आता?"

"न्हाय गं."

दर वेळी आवाज बारीक होत चालला. ठरलेली वेळ टळली होती, हे तात्यांच्या तोंडावरच दिसत होतं. मॅडम येऊन बघून गेल्या. "उतरतंय, धीर धरा."

आणि मग सगळा वॉर्ड दचकला.

"आई आई गंऽऽ!"

"काय झालं वो?"

"दुखतंय! लई दुखतंय!" तात्यांचा अंगठा हलत होता आणि तोंडभर हसू.

सिस्टर दुखणं थांबवायचं इंजेक्शन घेऊन धावली. तात्यांनी तिचा हात धरला.

"थांब की पोरी. जरा दुखू दे की!"