वत्सलाचा आवाज

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आईला तिच्या शेवटच्या दिवसांतही नाही. तुम्हाला का सांगते आहे — ते मला नीट कळत नाही.

अकोल्यात टेपरेकॉर्डर नवलाचा होता, तेव्हाची गोष्ट. वत्सला माझी अमरावतीची, एकाच गल्लीतली मैत्रीण. लग्न होऊन दोघी अकोल्यातच पडलो. लहानपणापासून दोघी मिळून गायचो, पण नाव माझं व्हायचं. मी पुढे बसायची — ती मागे.

गणपतीच्या मंडपात वाजवायला लाउडस्पीकरवाल्या गुलाबरावांनी माझं गाणं भरायचं ठरवलं. दुकानामागच्या खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून. गाऊन झालं, ऐकलं — आवाज ताकात पाणी घातल्यासारखा.

"सुशीलाताई, मशीनवर आवाज पातळ येऊन राहिला," गुलाबराव म्हणाले. "त्याच्यावर अजून एक बसवू. भरीव वाटीन."

मी माझ्याच आवाजाबरोबर गाऊन पाहिलं. जमेना. दर वेळी माझी हरकत वेगळी, शब्द एकमेकांवर आदळत. मग सोबत आलेल्या वत्सलाला बसवलं. मी श्वास कुठे घेते, हेसुद्धा तिला पाठ! "स" अन् "त" नरम म्हणा, म्हणजे ते दोनदा वाजणार नाहीत, एवढंच गुलाबरावांनी तिला सांगितलं. तिचा आवाज खाली ठेवून त्यांनी दोन्ही दुसऱ्या मशीनवर एकत्र भरले. तिचा वेगळा ऐकू येत नव्हता — पण माझा काय भरून आला! खरं सांगू? तशी मी कधीच गायले नव्हते.

मंडपात लोक विचारत होते, एकट्याच गायल्या? मी म्हटलं, एकटीच.

दुसऱ्या दिवशी वत्सला घरी आली. "माहा आवाज हाये ना वं त्याच्यात? मले तं आयकू नाही आला."

"हो" म्हणायला काय लागत होतं? पण ती ते गावभर सांगेल, अशी भीती वाटली. मी म्हणाले, "नाही वं. तू बेसूर होऊन राहिली होती. गुलाबरावनं काढून टाकला."

ती आधी हसली. मग हसू गेलं.

"इतके वर्सं संग गायलो," ती म्हणाली, "अन् तू मले एकडाव नाही सांगितलं? लोकाईत हसू होऊ देलं माहं?"

म्हणजे मी दगा दिला, हे तिला कळलं होतं — फक्त कोणता, ते नाही. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. गुलाबराव पुढे गाव सोडून गेले. खरं जाणणारी मी एकटी उरले.

वत्सला पुन्हा गायली नाही. पोळ्या लाटताना गुणगुणायची, तेही थांबलं. माझ्याकडे येणं-जाणं राहिलं, पण नेमानं, परक्यासारखं.

तिला मुलगी झाली. बारशाला बाया म्हणाल्या, पहिला पाळणा आईनं म्हणावा.

"मले सूर नाही," वत्सला खाली पाहत म्हणाली. "सुशीला म्हणन."

मी पाळण्याची दोरी धरली आणि गायले. सगळी कडवी गायले. चांगली गायले.