रफिकभाईंच्या रजिस्टरातली माणसं

चौसाळ्याच्या रफिकभाईंना मी कधी बसलेलं पाहिलं नाही. नेट कॅफेत चार कॉम्प्युटर, आठ खुर्च्या, आणि हे गृहस्थ दारापासून भिंतीपर्यंत सतत येरझारा घालत, किल्ल्या खुळखुळवत. चालता चालताच गिऱ्हाइकाची नोंद करायचे. नाव मात्र लिहायचे नाहीत, खूण लिहायचे. ‘उसनी छत्रीवाला’, ‘मोठ्यानं वाचणारा’, ‘बिस्कीट चहात बुडवून हरवणारा’. हा शेवटचा मी.

“नावाचं काय हो गुरुजी, एका गल्लीत सहा सलीम हायत,” ते म्हणायचे. “खूण पक्की ऱ्हाती.”

एकदा तिथूनच, खोट्या नावानं, मी नेटवर लिहून टाकलं, की आमचे संस्थाचालक शाळेच्या खिचडीचा तांदूळ कुठं पोचवतात. आठवड्यानं पोलीस ठाण्याचे जमादार हजर! मी नेमका तिथंच, हातात चहा नि बिस्कीट.

“रफिक, इंटरनेटवरचा हा आयपी अ‍ॅड्रेस तुझा. म्हंजे लिहिणारा तूच!”

“साहेब, ह्यो नंबर माझ्या नेटच्या डब्याचा हाय, माणसाचा न्हाई. चौकातल्या नळाला सारा गाव घागर लावतो. कुणी किती भरलं ते नळाला कावून पुसता?”

“मग घागरीवाले दाखव. आण रजिस्टर.”

नंबर एकटा मुका होता. रजिस्टर शेजारी ठेवलं की तो घडाघडा बोलणार, आणि माझी नोकरी जाणार.

जमादारांचं बोट थांबलं. “दुपारी चार. दोन नंबरचा कॉम्प्युटर. बिस्कीट चहात बुडवून... हरवणारा?” त्यांनी मान वर केली. माझ्या हातातल्या बिस्किटाचं ओलं टोक सावकाश वाकत होतं.

रफिकभाई येरझारेतून वळले, बिस्कीट माझ्या हातून काढलं आणि सरळ स्वतःच्या तोंडात टाकलं. “गुरुजी, लई साखर वाढलीय तुमची! डॉक्टरनं काय सांगितलंय?” मग जमादारांकडे वळून, “आन् साहेब, बिस्कीट कोण बुडवत न्हाई? तुमी न्हाई बुडवत?”

जमादारांसाठी चहा आला. त्यांनी बिस्कीट बुडवलं. हरवलं. कपात बघत त्यांनी रजिस्टर मिटलं.

गेल्या वर्षी रफिकभाई गेले. भाभींना भेटायला गेलो, तर कोनाड्यात रजिस्टर दिसलं. मी ते उभ्यानंच चाळलं. जमादार येऊन गेले त्या दिवसापासून शेवटच्या पानापर्यंत माझी खूण एकच होती: ‘बिस्कीट कोरडं खाणारा’.

आणि मी तर रोज त्यांच्यादेखत बुडवतच होतो.