उस्तादांची मान

दात घासता घासता उस्तादांची मान अशी काही अवघडली की बाजूला बघायचं म्हटलं तर अख्खे उस्ताद फिरायचे. आता सलूनमध्ये खुर्चीपाशी वाकताच येईना, तर लोकांचे केस काय डोळे मिटून कापायचे? असंच राहिलं तर दुकानाला कायमचं टाळं, या विचाराने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

गंमत बघा. कटिंग झाली की, दाढीच्या आधी, गिऱ्हाइकाची मान दोन्ही हातांत धरून कटकन मोडून द्यायची, ही उस्तादांची खासियत. तीही फुकट. पण स्वतःच्या मानेला कुणी हात लावणार म्हटलं की यांना सगळी दुनिया चोर वाटायची.

साडूने आपल्या ओळखीच्या एका मशीनवाल्याकडे धाडलं. या दोघांचं साटंलोटं असणार, हे उस्तादांनी आधीच ठरवून टाकलं. गरम शेक झाला, मानेला वायरी चिकटवल्या, मुंग्या आल्या. बरं वाटलं, पण जिना उतरेपर्यंतच.

"उद्या परत या," तो म्हणाला होता. परत यावं म्हणूनच अर्धवट बरं करतोस की, लेका.

मग सुनेने एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. पडलात का, हाताला बधिरपणा आहे का, पकड सुटते का, बाईंचं विचारणं संपेना.

"ही बाई पोलिसातली आहे का गं?" उस्ताद सुनेच्या कानात पुटपुटले.

बाईंनी मानेवर हात ठेवले. "सैल सोडा."

हेच दोन शब्द उस्ताद रोज म्हणत आले होते. आता ते ऐकताच त्यांचं अंग लाकूड झालं आणि त्यांनी बाईंचं मनगटच धरलं.

बाई रागावल्या नाहीत. "बरं, मी नाही हात लावत. तुम्हीच हळूहळू फिरवा. फार दुखलं की थांबा."

म्हणजे कामही आपणच करायचं! तरी घरी आरशासमोर, कुणी बघत नाही असं पाहून, त्यांनी ते केलं. मान हळूहळू सुटत गेली.

दुकान उघडलं तर पहिले आले नेहमीचे पोस्टमनकाका. कटिंग झाली, सवयीने उस्तादांचे हात मानेकडे गेले आणि ते थबकले. काकांनी खुर्चीचे दांडे घट्ट पकडले होते, डोळे गच्च मिटले होते.

"काका, आवडतं ना तुम्हाला हे?"

"खरं सांगू? पहिल्यापासून भीती वाटते."

"अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

काकांनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "दाढी व्हायची असायची हो अजून. वस्तरा तुमच्या हातात."

उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी दाढीचा ब्रश पाण्यात बुडवला.